किल्ली फिरवण्याआधी

डिझेलच्या गाडीत वीस लिटर पेट्रोल गेले, तरी ती गाडी त्या क्षणी बिघडलेली नसते. पंपावर उभ्या असलेल्या त्या गाडीचे इंजिन पाच मिनिटांपूर्वी होते तितकेच धडधाकट असते. टाकी हे साठवणीचे भांडे आहे. पेट्रोल असो की डिझेल, तिचे काही बिघडत नाही. अशा उभ्या गाडीवरचा उपाय साधा आहे: टाकी रिकामी करायची, धुवायची आणि योग्य इंधन भरायचे. खर्च हजारांत. हीच गाडी सुरू करून दहा-पंधरा किलोमीटर पळवली तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकते, कारण तोवर उच्च दाबाचा पंप, इंजेक्टर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या बाद झालेल्या असू शकतात. दोन्ही वेळा चूक तीच, इंधन तेवढेच आणि गाडीही तीच. फरक आहे तो किल्ली फिरवण्याचा. चुकीचे इंधन भरणे ही निस्तरता येणारी चूक आहे. गाडीचे नुकसान होते ते त्यानंतर आपण जे करतो त्याने. म्हणून 'आता काय करावे' या प्रश्नाचे बहुतेक उत्तर 'काय करू नये' यातच दडलेले आहे. असे का, हे या प्रकरणात सविस्तर पाहू.

त्यासाठी आधी दोन्ही इंधनांचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. पेट्रोल आणि डिझेल एकाच कच्च्या तेलातून निघतात. शुद्धीकरण कारखान्यात कच्चे तेल तापवले की हलके घटक आधी वाफ होऊन वर जातात, जड घटक मागे राहतात. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आत उकळणाऱ्या घटकांपासून पेट्रोल तयार होते, तर त्यापुढे साडेतीनशे अंशांच्या आसपासपर्यंत उकळणाऱ्या घटकांपासून डिझेल. निकोलाउस ऑटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ मध्ये चालवून दाखवलेल्या इंजिनाच्या घराण्यातले आजचे पेट्रोल इंजिन. त्यात इंधन आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. ठिणगी पडेपर्यंत मिश्रणाने गप्प बसावे, ही पेट्रोलकडून अपेक्षा असते. रुडॉल्फ डिझेल याने ठिणगीच काढून टाकली. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरलेल्या त्याच्या इंजिनात नुसती हवा इतकी दाबली जाते की ती इंधन आपोआप पेटण्याइतकी तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो स्वतःहून पेट घेतो. पेट्रोलची आपोआप न पेटण्याची चिकाटी ऑक्टेन अंकाने मोजतात आणि डिझेलची चटकन पेटण्याची तयारी सीटेन अंकाने. भारतात २०२० मध्ये देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ आणि डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ ठरवला होता. म्हणजे एका इंधनाचा जो गुण, तोच दुसऱ्याचा दोष. एकाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही ती त्यामुळे.

डिझेल इंजिनात पेट्रोल गेले की ते वेळेवर पेटत नाही, उशिरा आणि एकदम पेटते. इंजिन ठोकू लागते, झटके मारते, पिकअप पडतो. मात्र खरा घाव ज्वलनात नसून त्याआधीच्या यंत्रणेवर बसतो. आजच्या डिझेल गाड्यांत 'कॉमन रेल' ही पद्धत असते: एक पंप इंधनाला प्रचंड दाबाने एका जाड नळीत भरतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. हा दाब अनेक गाड्यांत १,६०० ते २,००० बारपर्यंत पोहोचतो. एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब, यावरून ताणाची कल्पना यावी. एवढा दाब टिकवायचा तर पंपातले पोलादी भाग एकमेकांत मायक्रॉनच्या हिशेबाने घट्ट बसवावे लागतात, आणि या भागांमध्ये वंगणाचे काम करणारे वेगळे तेल तिथे नसते. वंगण असते ते खुद्द डिझेल. म्हणूनच डिझेलच्या मानकात त्याच्या वंगणक्षमतेचीही परीक्षा आहे: डिझेलमध्ये बुडालेले दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर घासले जातात आणि पडलेला घासल्याचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नसावा लागतो. गंधक कमी करण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक ओशटपणा कमी होतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ इंधनात दर दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक चालते, आणि गेलेला ओशटपणा भरून काढण्यासाठी कारखान्यात त्यात खास द्रव्ये मिसळावी लागतात. ज्या गुणाची इतकी काळजी घ्यावी लागते, तोच गुण पेट्रोल धुऊन टाकते. पेट्रोल हे वंगण तर नाहीच, उलट ते ओशट थर विरघळवणारे द्रव्य आहे.

वंगण गेले की धातू धातूवर घासतो आणि पंपातून बारीक कीस निघू लागतो. तो कीस दाबाखाली पुढे रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये जातो. इंजेक्टरची छिद्रे मिलिमीटरच्या दशांशाएवढी बारीक असतात. ती बुजवायला हा कीस पुरेसा असतो. पंपाने ढकललेले सगळे इंधन जळत नाही. जळलेल्यापेक्षा बरेच जास्त इंधन परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येते, आणि कीसही त्याच्याबरोबर येतो. म्हणजे बिघाड एका जागी थांबत नाही, तो सगळ्या यंत्रणेची प्रदक्षिणा करतो. 'पंप-नोझलचे काम' अशी पाटी लावलेल्या दुकानात जुना मेकॅनिक आधी फिल्टर कापून त्यात चमक दिसते का पाहतो, ते याचसाठी. चमक दिसली तर नुसता पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, नळ्या असे सगळे बदलून टाकीही साफ करावी लागते. एखादा जुना भाग ठेवला तर उरलेला कीस नव्या पंपाचीही तीच गत करतो.

याच परतीच्या नळीमुळे एक फसवा हिशेबही होतो. लिटरमागे पंधरा किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा चालक म्हणतो की दोन-तीन किलोमीटरवर तर गॅरेज आहे, तेवढ्यात असे कितीसे पेट्रोल इंजिनात जाणार? जळण्याच्या हिशेबाने ते थोडे असेलही. पंपातून मात्र त्याच्या कितीतरी पट इंधन या काळात फिरून गेलेले असते, आणि घासण्याचा संबंध फिरण्याशी आहे, जळण्याशी नाही. शिवाय पंपावरून निघताना गाडी छान चालते. नळीत आणि फिल्टरमध्ये आधीचे चांगले डिझेल भरलेले असते, ते संपेपर्यंत काहीच जाणवत नाही. त्यामुळे 'गाडी तर नीट चालते आहे' हा पुरावा काहीच सिद्ध करत नाही. चुकीचे इंधन अजून पोहोचलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. अनेक गाड्यांत टाकीच्या आत एक विजेवर चालणारा छोटा पंप असतो, आणि इंजिन सुरू न करता नुसते इग्निशन चालू केले तरी तो इंधन पुढे ढकलू लागतो. म्हणून नियम 'इंजिन सुरू करू नका' एवढ्यावर थांबत नाही. रेडिओ लावण्यासाठी किंवा काच खाली करण्यासाठीसुद्धा इग्निशन लावू नये.

पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेले तर काय, हा पुढचा प्रश्न. त्यात काही बिघडत नाही, असा एक समज आहे, आणि तो निम्माच खरा आहे. पेट्रोल गाड्यांच्या इंधन यंत्रणेवरचा दाब बहुधा खूपच कमी असतो आणि डिझेल स्वतः ओशट असते, त्यामुळे पंप घासून जाण्याचे संकट इथे नाही. परंतु डिझेलची वाफ सहज होत नाही. ते प्लगवर साचते, काजळी धरते, दाट धूर निघतो आणि बहुतेक वेळा इंजिन थोड्याच वेळात बंद पडते. न जळलेले डिझेल पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ते पातळ करते. धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर न जळलेले इंधन पडत राहिले तर तो महागडा भागही निकामी होतो. चूक लगेच लक्षात आली तर टाकी उपसण्यावर भागते. इंजिन चालवत राहिले तर प्लग, ऑइल, फिल्टर आणि कधी कन्व्हर्टर असा खर्च वाढत जातो. संकट सौम्य असले तरी नियम तोच राहतो. साध्या पेट्रोलऐवजी जास्त ऑक्टेनचे महागडे पेट्रोल गेले, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. ती चूक खिशाची, इंजिनाची नव्हे.

आता प्रत्यक्ष कृती. चूक पंपावरच लक्षात आली तर भरणे तिथल्या तिथे थांबवायला सांगावे आणि किल्ली खिशात ठेवावी. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, हँडब्रेक सोडून, पंपावरच्या दोघा-तिघांच्या मदतीने ढकलत एका कडेला न्यावी. स्टिअरिंगचे कुलूप लागलेले असेल तर ते सुटण्यापुरती किल्ली पहिल्या पायरीपर्यंतच फिरवावी, दिवे लागतात त्या दुसऱ्या पायरीपर्यंत नाही. बटणाने सुरू होणाऱ्या आणि ऑटोमॅटिक गियरच्या गाड्यांत हे अवघड जाते. अशा बऱ्याच गाड्यांत गियरच्या दांड्याजवळ कुलूप हाताने सोडवण्याची सोय असते आणि ती कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती सापडली नाही, किंवा विजेवरचा हँडब्रेक सुटत नसेल, तर गाडी जागीच राहू द्यावी आणि उचलून नेणारे वाहन मागवावे. पंपाची एक रांग अर्धा तास अडली तरी चालेल. अनेक विमा पॉलिसींबरोबर आणि नव्या गाड्यांबरोबर रस्त्यावरील मदतीची सेवा घेतलेली असते. चुकीच्या इंधनासाठी गाडी गॅरेजपर्यंत पोहोचवणे तिच्यात अनेकदा येते. पॉलिसीतले ते पान आधीच वाचून ठेवावे.

चूक रस्त्यावर लक्षात आली तर निर्णय अधिक अवघड असतो, कारण थांबण्याची जागा आपल्या मनासारखी नसते. इंजिन ठोकू लागले, पिकअप गेला, इंजिनाचा दिवा लागला आणि नुकतेच इंधन भरले आहे, असे जुळून आले की संशय घ्यावा, वेग कमी करावा आणि पहिल्या सुरक्षित जागी डावीकडे थांबून इंजिन बंद करावे. यावर असा आक्षेप येतो की निर्जन रस्त्यावर, रात्री, कुटुंबाला घेऊन थांबण्यापेक्षा हळूहळू पुढे गेलेले बरे. आक्षेप रास्त आहे, आणि माणसांची सुरक्षा पंपापेक्षा मोठी आहे. वस्ती, ढाबा किंवा उजेड दोनशे मीटरवर दिसत असेल तर तिथवर जावे. पण 'हळूहळू घरी पोहोचू' या हिशेबात एक धोका विसरला जातो. इंजिन आपण बंद केले नाही तर ते स्वतः बंद पडते, आणि कुठे पडायचे ते आपल्याला विचारून ठरवत नाही. बोरघाटाच्या चढावर, ट्रकच्या मधल्या लेनमध्ये ते बंद पडले तर पॉवर स्टिअरिंगचे बळ जाते आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच उरते. तेव्हा जागा निवडण्याची संधी हातात असतानाच ती वापरणे हीच सुरक्षितता. थांबल्यावर चारही इंडिकेटर लावून लाल त्रिकोण मागे ठेवावा आणि माणसांनी कठड्यापलीकडे उभे राहावे. दिव्यांसाठी किल्ली लावावी लागत नाही. चारही इंडिकेटर किल्लीशिवाय लागतात. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

टाकी उपसण्याचे काम मात्र स्वतः करू नये, आणि रस्त्याकडेला तोंडाने नळी ओढून तर मुळीच करू नये. यामागे केवळ सावधगिरी नाही, भौतिकशास्त्र आहे. इंधनाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते त्याला ज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश असतो, डिझेलचा हवेच्या नेहमीच्या तापमानापेक्षा वर. आपल्या पेट्रोलियम नियमांत म्हणूनच २३ अंशांच्या खाली ज्वलनांक असलेली द्रव्ये 'अ' वर्गात आणि २३ ते ६५ अंशांमधली 'ब' वर्गात घातलेली आहेत. डिझेलमध्ये थोडेही पेट्रोल मिसळले की मिश्रणाचा ज्वलनांक झपाट्याने खाली येतो. डिझेल हाताळायला सरावलेला माणूस त्या मिश्रणाला डिझेल समजतो आणि तिथेच अपघात घडतो. त्यामुळे असे मिश्रण नेहमी पेट्रोलच मानून हाताळावे: उघड्यावर, विडी-काडी आणि वेल्डिंगपासून दूर, धातूच्या भांड्यात. ते गटारात ओतू नये किंवा चुलीत, स्टोव्हमध्ये वापरू नये. मेकॅनिकला नेमके काय सांगायचे तेही ठाऊक असावे: कोणते इंधन किती लिटर गेले, आधी टाकीत अंदाजे किती होते, इग्निशन लावले होते का, इंजिन किती वेळ चालले. इंजिन चाललेच नसेल तर टाकी उपसणे आणि धुणे पुरते. चालले असेल तर फिल्टर बदलणे, नळ्या धुणे, योग्य इंधन भरून लाइनमधली एअर काढणे आणि कीस शोधणे एवढे तरी झालेच पाहिजे. जुना फिल्टर मागून घ्यावा. आत काय घडले याचा तो साक्षीदार असतो.

इथे सर्वांत जुना आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप येतो. 'पाच लिटरच पेट्रोल गेले ना? वर चाळीस लिटर डिझेल भरा, पातळ होईल. आम्ही वर्षानुवर्षे असेच केले.' हे म्हणणारी माणसे खोटे बोलत नाहीत. जुन्या डिझेल इंजिनांत पंपाचा दाब आजच्या मानाने फार कमी असे, अनेक पंपांना वंगणासाठी इंजिन ऑइलही मिळत असे, आणि जास्त गंधकाचे ते डिझेल आजच्यापेक्षा ओशट होते. थंड प्रदेशांत डिझेल गोठू नये म्हणून त्यात केरोसीन किंवा थोडे पेट्रोल मिसळण्याची रीतही होती, आणि काही जुन्या पुस्तिकांत तिला मुभा होती. पण तो अनुभव त्या इंजिनांचा आहे. ज्या अटींवर तो खरा होता त्या तिन्ही अटी आता बदलल्या आहेत, म्हणून निष्कर्षही बदलला पाहिजे. आजच्या पुस्तिका अशा वेळी इंजिन सुरू न करण्यास सांगतात. शिवाय प्रमाण मोजणेच शक्य नसते. पंपाच्या मीटरवर किती गेले ते कळते, पण टाकीत आधी किती होते ते काट्यावरून नेमके कळत नाही, आणि भरलेले इंधन लगेच एकजीव झाले आहे याची खात्री नसते. टू-स्ट्रोक ऑइल ओतण्याचा सल्लाही असाच आहे: त्याने ओशटपणा थोडा परत आला तरी पेट्रोलचा सीटेन वाढत नाही. ज्या जोखमीची एक बाजू हजारांची आणि दुसरी लाखाची आहे, तिथे अंदाजावर पैज लावण्यात शहाणपण नाही.

एवढे सगळे स्पष्ट असूनही माणसे किल्ली का फिरवतात? मागची रांग हॉर्न वाजवते, चूक कुणाची यावर वाद होतो, भरणारा मुलगा घाबरून 'काही होत नाही, घेऊन जा' म्हणतो, आणि ओशाळलेल्या माणसाला तिथून निघायचे असते. पण निघून जाण्याने वादातली बाजूही लंगडी पडते. पंपाच्या छापील बिलावर साधारणपणे इंधनाचे नाव, लिटर आणि वेळ येते. पेट्रोलला तिथे 'एमएस' म्हणजे मोटर स्पिरिट आणि डिझेलला 'एचएसडी' म्हणजे हाय स्पीड डिझेल असे लिहिलेले असते. हे बिल, गाडीचा फोटो आणि पंपावरच्या तक्रारवहीतली नोंद एवढे तिथेच झाले तर पुढचे सोपे जाते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विम्याचेही तसेच. नेहमीच्या वाहन विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, आणि अपघात किंवा बिघाडानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकाची, अशी अट असते. चूक पंपाची असली तरी चालवल्यामुळे वाढलेली नुकसानी पंपाच्या माथी मारणेही असेच कठीण होते. ज्याला न्याय हवा आहे त्यानेही किल्ली फिरवू नये.

दोष निव्वळ निष्काळजीपणाचा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये लोक स्वतःच्या हाताने इंधन भरतात, तरी तिथे वर्षाला सुमारे दीड लाख गाड्यांत चुकीचे इंधन जाते, असा वाहनचालक संघटनांचा अंदाज वर्षानुवर्षे दिला जातो. म्हणजे गाडीचा मालक स्वतः भरत असला तरी हात चुकतो. आपल्याकडे त्यात भाषेची भर पडते. 'पेट्रोल पंपा'वर जाऊन 'पेट्रोल टाकून येतो' असे आपण डिझेलच्या गाडीबद्दलही म्हणतो. 'स्पीड' आणि 'पॉवर' ही पेट्रोलची विक्रीनावे आहेत, तर साध्या डिझेलचेच अधिकृत नाव 'हाय स्पीड डिझेल' आहे. एकच मॉडेल दोन्ही इंजिनांत विकले जाते, त्यामुळे भरणाऱ्याला बाहेरून काही कळत नाही. २०१८ पासून आलेला काचेवरचा रंगीत स्टिकर, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा व डिझेलला नारिंगी, समोरच्या काचेवर असतो आणि भरणारा उभा असतो मागे. परदेशात तर रंगही दगा देतात: ब्रिटनमध्ये हिरवे नोझल पेट्रोलचे, अमेरिकेत ते बहुधा डिझेलचे. फ्रान्समध्ये 'गाझोल' म्हणजे डिझेल, अमेरिकेत 'गॅसोलिन' म्हणजे पेट्रोल. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०१८ पासून पेट्रोलला वर्तुळ आणि डिझेलला चौकोन अशी चिन्हे सक्तीची केली ती हा गोंधळ कमी करण्यासाठीच.

चुकण्याची वाटच बंद करणारी रचना सर्वांत खात्रीची. सीएनजीचे नोझल पेट्रोलच्या तोंडात बसूच शकत नाही, म्हणून तिथे ही चूक होत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात शिसेविरहित पेट्रोलच्या गाड्यांची तोंडे मुद्दाम अरुंद केली गेली, म्हणजे शिसे असलेल्या पेट्रोलचे जाड नोझल आत जाऊ नये. त्याच न्यायाने अनेक देशांत डिझेलचे जाड नोझल पेट्रोल गाडीत शिरत नाही, पण पेट्रोलचे बारीक नोझल डिझेल गाडीत सहज जाते. म्हणजे जी चूक जास्त महागात पडते तिलाच वाट मोकळी राहिली. आपल्याकडच्या प्रत्येक पंपावर असा जाडीचा फरक असेल असे तर मुळीच गृहीत धरू नये. नव्या डिझेल गाड्यांनी आणखी एक तोंड वाढवले आहे: धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचे, बहुधा निळ्या झाकणाचे. हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असलेले द्रावण डिझेलच्या टाकीत गेले तर त्याचे स्फटिक आणि गंज पंपाचा घात करतात. तिथेही नियम तोच आहे, किल्ली लावायची नाही.

आपल्या हाती उरतो तो साधा, फुकटचा उपाय. महाराष्ट्रात पंपावर गेलेला प्रत्येक जण मीटरवरचा शून्य बघतो, कारण माप कमी पडेल ही भीती आपल्या अंगात मुरली आहे. माप कमी पडले तर शंभर रुपयांचे नुकसान. नाव चुकले तर लाखाचे. म्हणून शून्य बघताना त्याच नजरेत मशीनवरचे इंधनाचे नावही बघावे, गाडीतून उतरावे आणि 'डिझेल' किंवा 'पेट्रोल' हा एकच शब्द मोठ्याने उच्चारावा. झाकणाच्या आत तोच शब्द ठळक मराठीत चिकटवून ठेवावा. भाड्याची, कंपनीची किंवा मित्राची गाडी घेतली असेल तर हे दुप्पट काळजीने करावे. आणि एवढे करूनही चुकलेच, तर ओशाळू नका, कुणावर ओरडू नका आणि किल्ली खिशातच राहू द्या. गाडी तेव्हाही धडधाकट असते; तिला तसेच राहू देणे तुमच्या हातात असते.